बाबांच्या पायाची नखं, आणि नखांखेरीज सापडलेलं बरंच काही

रानजाई | रविवार, रात्री ९:१०

गेली चार वर्षं बाबांच्या पायाची नखं मीच कापते. त्यांना वाकवत नाही, नजरही पहिल्यासारखी राहिलेली नाही. वय ७६, मधुमेह १९ वर्षांचा. अंगठ्यांची नखं आधी पिवळी पडली, मग जाड झाली, आणि डाव्या अंगठ्याचं तर शेजारच्या बोटाकडे वळून मेंढ्याच्या शिंगासारखं दिसू लागलं. साधं नेलकटर त्यावर बसेना, म्हणून मी पकडीसारखं मोठं कटर आणलं आणि त्यानेच रेटत राहिले.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी त्यांच्या चादरीवर रक्ताचा डाग दिसला. आदल्या रात्री मी नखं कापली होती. नखाबरोबर कडेची कातडीही तुटली होती आणि ते ना मला कळलं होतं, ना त्यांना. कापताना मी दोनदा विचारलं होतं, "दुखतंय का?" ते म्हणाले होते, "छे गं, काही नाही." ते खरंच सांगत होते, हे लक्षात आलं तेव्हा माझे हातपाय गळाले.

मधुमेहाच्या डॉक्टरांनी आम्हाला पोडियाट्रिस्टकडे पाठवलं. पोडियाट्रिस्ट म्हणजे पावलांचे तज्ज्ञ. मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम, नखं कापून घरी. पाऊण तास लागला, आणि पहिली वीस मिनिटं त्या बाईंनी नखांना हातच लावला नाही.

आधी बूट पाहिले. आत हात घालून अस्तर चाचपलं, उलटे करून तळ कुठे जास्त झिजलाय ते पाहिलं. मोजे आतून बाहेर उलटवून डाग आहेत का बघितले. मग बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक तंतू तळपायाला वेगवेगळ्या जागी टेकवायला सुरुवात केली. तो तंतू वाकला की १० ग्रॅमचा दाब पडतो. स्पर्श जाणवला की बाबांनी "हो" म्हणायचं. उजव्या पायाला अधूनमधून "हो" आलं. डाव्या अंगठ्याखाली तंतू वाकला, चवड्यावर वाकला, करंगळीच्या मुळाशी वाकला, आणि बाबा डोळे मिटून शांतपणे वाट बघत बसले होते, आता लावतील, मग लावतील म्हणून. मला तिकडे बघवेना.

नंतर अंगठ्याच्या टोकाला ट्यूनिंग फोर्क लावून कंपनं जाणवतात का ते पाहिलं. पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपली, डॉप्लर यंत्रावर तिचा आवाज आम्हालाही ऐकवला. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घेऊन ताडून पाहिला. रक्तपुरवठा बरा निघाला. संवेदना मात्र गेलेली.

मग नखं. मी एका दाबात नख तोडायला बघायची. त्यांनी अणकुचीदार निपरने कडेपासून अगदी छोटे छोटे तुकडे काढत आणले, आणि जाडी फिरत्या यंत्राने घासून उतरवली. तोंडाला मास्क, यंत्राला धूळ ओढून घेणारी नळी. नखाखालून पिवळट चुरा निघाला तो साफ केला, थोडा तपासणीसाठी ठेवला.

हे सगळं झाल्यावर त्या तळपायाकडे वळल्या. डाव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाखाली, बाबांना कित्येक वर्षांपासून घट्टा आहे. मी तो दर आठवड्याला बघत होते. त्यात शाईच्या ठिपक्यासारखा काळपट डाग होता, तोही बघत होते. मळ असेल असं वाटायचं. त्या म्हणाल्या, "हे आत झिरपलेलं रक्त आहे," आणि सर्जिकल ब्लेडने पापुद्रा पापुद्रा करत घट्टा सोलायला लागल्या. खाली जखम होती. ५ मिलिमीटरची, ओली. तिच्यावर बाबा किती आठवडे चालत होते कुणास ठाऊक.

गेलो होतो नखांसाठी. घरी आलो ते गुडघ्याखालपर्यंतचा, स्वतःहून काढता न येणारा बूट बांधून. आठवड्याला एकदा जखमेची सफाई. नऊ आठवड्यांनी जखम भरली.

हे लिहायचं कारण एवढंच, की मी निष्काळजी नव्हते. रोज औषधं, महिन्याला साखर, सगळं वेळेवर होतं. पायाकडेही बघत होते, पण काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं. तुमच्या घरी कुणी असं असेल तर आज त्यांचे पाय बघा. आणि तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट सगळे.

शिंपला | रविवार, रात्री ९:५२

वाचून पोटात खड्डा पडला. माझ्या आईची नखं अशीच आहेत, पण ती पाय दाखवायलाच तयार नाही. घरातही दिवसभर मोजे. विषय काढला की म्हणते, "म्हाताऱ्या माणसाचे पाय असेच असतात, त्यात काय बघायचंय." मधुमेह नाही. मग काळजीचं कारण आहे का?

ओंजळ | रविवार, रात्री १०:२०

ताई, बाबा आता बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. शीर्षक बघून हा धागा पेडिक्युअरबद्दल असेल असं वाटलं होतं.

पदन्यास | सोमवार, सकाळी ७:३५

मी हेच काम करतो, बरीच वर्षं झाली. रानजाई, तुमच्या बाबांना तपासणाऱ्या बाईंनी सगळं नीट क्रमाने केलं आहे. बूट आधी बघणं हे मला फार आवडलं. बूट जे सांगतो ते पेशंटला सांगता येत नाही. संवेदना नसलेल्या पायाला बुटात पडलेला खडाही कळत नाही. एका गृहस्थांच्या बुटात मला औषधाच्या गोळीचं पाकीट सापडलं होतं, चपटं झालेलं, दोन दिवस त्यावर चालत होते.

त्या काळ्या ठिपक्याबद्दल थोडं. घट्टा ही कातडीने दाबाला दिलेली प्रतिक्रिया. पण तो कडक झाला की बुटात अडकलेल्या खड्यासारखा स्वतःच आतल्या मांसावर दाब टाकतो. आत रक्त झिरपतं, पोकळी होते, जखम होते, आणि वरून सगळं झाकलेलं. म्हणून घट्ट्यातला काळा, तांबडा किंवा निळसर डाग ही वाट बघायची गोष्ट नाही. घरी ब्लेडने कापायचीही नाही.

शिंपला, आईंबद्दल. पायाची नखं हाताच्या नखांच्या निम्म्या वेगाने वाढतात. हाताचं महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर, पायाचं दीड. अंगठ्याचं पूर्ण नख नवं यायला १२ ते १८ महिने जातात. एवढ्या काळात बुटाचा घास, जुना मार, बुरशी, सोरायसिस हा त्वचेचा आजार, मंदावलेला रक्तपुरवठा, यातलं काहीही नखाला जाड करू शकतं. मधुमेह नसला तरी जाड नख बुटात दाबलं जाऊन खालच्या गादीवर जखम करू शकतं. आणि दुखऱ्या नखांनी माणूस चाल बदलतो, पाऊल अर्धवट टाकतो. वयस्क माणसं पडतात त्याच्या कारणांत पायदुखी मोठी आहे. तेव्हा हो, कारण आहे.

लाजेबद्दल सांगतो. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक आल्या आल्या पायांबद्दल माफी मागतात. वास येत असेल, घाण वाटेल, तुम्हाला कसं सांगू. आम्हाला त्यात काहीच वाटत नाही. आईंना सांगून बघा की नखं कापून घ्यायला जायचंय, बाकी काही नाही.

सकाळचा_धावक | सोमवार, दुपारी १:०५

माझी गोष्ट वेगळी आहे, पण या धाग्यात बसेल. वय ३१, मधुमेह वगैरे काही नाही. उजव्या अंगठ्याचं नख कडेने मांसात रुतायचं. दीड वर्ष हा प्रकार चालला. लाल व्हायचं, सुजायचं, पू यायचा, डॉक्टर अँटिबायोटिक द्यायचे, आठ दिवस बरं, तीन आठवड्यांनी परत तेच. असे तीन कोर्स झाले. दर वेळी मी रुतलेला कोपरा स्वतःच खोल जाऊन कापायचो. लगेच आराम पडायचा, म्हणून वाटायचं बरोबर करतोय.

पोडियाट्रिस्टने भिंगातून दाखवलं. मी कोपरा कापत होतो तेव्हा दर वेळी आत एक काट्यासारखं टोक शिल्लक राहत होतं, आणि नख वाढलं की तेच टोक पुढे सरकत मांसात घुसत होतं. म्हणजे दीड वर्ष मीच तो काटा तयार करत होतो.

मग छोटी शस्त्रक्रिया केली. बोटाच्या मुळाशी दोन बाजूंना भुलीची इंजेक्शनं. खरं सांगतो, दुखलं ते एवढंच, पण ते चांगलं दुखलं. दहा मिनिटांत बोट बधिर. मुळाशी रबरी पट्टी आवळली, कडेची उभी पट्टी मुळापासून काढली, जेमतेम ३ मिलिमीटर रुंद. मग काडीला कापूस गुंडाळून तेवढ्याच जागी फिनॉल लावलं, म्हणजे ती कडा परत उगवणार नाही. सगळं मिळून अर्धा तास. चालत घरी गेलो.

पुढे तीन आठवडे पाणी झिरपत होतं. ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. फिनॉलने झालेली ती एक प्रकारची रासायनिक भाजल्याची जखम असते, ती सावकाशच सुकते. पाचव्या आठवड्यात धावायला लागलो. दोन वर्षं झाली, नख किंचित अरुंद दिसतं, बाकी काहीही नाही.

जुनेजाणते | सोमवार, संध्याकाळी ६:४०

धागा उपयुक्त. पण एवढ्यासाठी शस्त्रक्रिया कशाला? नखाच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडायची. नख ती खाच भरून काढायला मध्याकडे ओढलं जातं आणि कडा आपोआप मोकळ्या होतात. मी आयुष्यभर हेच केलं आहे. वय ८१, नख कधी रुतलं नाही.

पदन्यास | सोमवार, रात्री ८:१५

काका, तुमचं नख रुतलं नाही याचा आनंद आहे, पण श्रेय त्या खाचेचं नाही. नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो, केसासारखा. जिवंत भाग मुळाशी, कातडीच्या घडीखाली असतो आणि नख तिथून पुढे ढकललं जातं. टोकाला काय कापलंय ते मुळाला कळत नाही. खाच भरून काढायला नख आत ओढलं जात नाही, ती खाच फक्त पुढे सरकून संपते. तुमच्या नखाचा मूळचा आकार सपाट असणार आणि तुम्ही बूट ऐसपैस वापरत असणार.

सकाळचा_धावक यांनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचावं. अँटिबायोटिक हे काट्यावरचं औषध नाही. काटा आत असेपर्यंत सूज परत येणारच. सुरुवातीची अवस्था असेल तर शस्त्रक्रिया लागत नाही, टोक काढून कड गुळगुळीत केली, खाली कापसाची बारीक वात सरकवली, बूट बदलला की काम होतं. वारंवार होत असेल तरच कायमचा उपाय. आणि तो करण्याआधी बोटाचा रक्तपुरवठा तपासायलाच हवा, नाहीतर जखम भरणार नाही.

नख कापायचं कसं हे कुणी विचारण्याआधी सांगून टाकतो. सरळ रेषेत, बोटाच्या टोकाएवढं ठेवून, कोपरे आत न खोदता. टोचणारा कोपरा असेल तर कानशीने बोथट करायचा.

जुनेजाणते | सोमवार, रात्री ९:०२

बूट ऐसपैस वापरतो हे खरं आहे. समजावून सांगितल्याबद्दल आभार. नातवाला मी खाच पाडायला शिकवलं होतं, त्याला आजच फोन करतो.

गारवा | मंगळवार, सकाळी ११:१८

बुरशीबद्दल मला लिहायचं आहे, कारण माझं वर्ष त्यात गेलं. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, गादीपासून सुटलेली. सगळ्यांनी बघताक्षणी बुरशी म्हटलं. आधी लावायचं औषध, मग तीन महिने गोळ्या. नखात काडीचा फरक नाही. शेवटी पोडियाट्रिस्टने नखाचे तुकडे आणि खालचा चुरा तपासायला पाठवला. बुरशी नव्हतीच. तिने हातांची नखं मागितली, त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. मग कोपर बघितलं, केसांच्या कडा बघितल्या. सोरायसिस. कोपरावरचा खवला मला वर्षानुवर्षं होता, मी तो कोरडेपणा समजत होते.

राग गोळ्यांचा नाही. राग याचा आहे की एक साधी तपासणी आधी कुणी केली नाही.

पदन्यास | मंगळवार, दुपारी २:३०

हे फार वेळा घडतं. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते, आणि नुसत्या नजरेने ओळखताना अनुभवी माणूसही चुकतो. पोटात घ्यायची टर्बिनाफिन ही गोळी पायाच्या नखांसाठी साधारण १२ आठवडे चालते आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. एवढं औषध घ्यायचं तर निदान पक्कं हवं.

ज्यांना खरोखर बुरशी आहे त्यांच्यासाठी: १२ आठवड्यांनी गोळी संपते तेव्हा नख तसंच खराब दिसतं आणि लोक म्हणतात, गुण आला नाही. मुळाकडे बघा. तिथे स्वच्छ नखाची पट्टी दिसत असेल तर गुण येतोय. बाकीचं नख पुढे सरकून कापलं जायला वर्ष लागणारच. शिवाय बुरशी बहुधा आधी बोटांच्या बेचक्यांत किंवा तळव्यावर असते. तिथल्या चिखल्या बऱ्या केल्या नाहीत, तर नखात ती परत शिरते.

ओंजळ | मंगळवार, रात्री १०:०५

कुरूप काढायच्या पट्ट्यांबद्दल सांगा ना. मावशीने करंगळीवरच्या कुरपावर लावली होती. तीन दिवसांनी काढली तर आजूबाजूची कातडी पांढरी पडून निघून आली आणि जखम झाली. तिला मधुमेह आहे.

पदन्यास | बुधवार, सकाळी ७:१०

त्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते टणक कातडी विरघळवतं, पण कुरूप कुठे संपलं आणि चांगली कातडी कुठे सुरू झाली हे त्याला समजत नाही. संवेदना असलेल्या माणसाला चुरचुरतं आणि तो पट्टी काढतो. मावशींना चुरचुरलं नसणार, हीच यातली मुख्य गोष्ट. मधुमेह, कमी रक्तपुरवठा किंवा बधिर पाय असेल तर अशी पट्टी नकोच. मावशींची जखम अजून उघडी असेल तर आजच दाखवा, शनिवार-रविवारची वाट बघू नका.

कुरूप म्हणजे एका बिंदूवर एकवटलेला दाब. आम्ही त्याचा गाभा ब्लेडने काढतो, माणूस लगेच मोकळा चालतो. पण दाब देणारा बूट तोच राहिला तर दोन महिन्यांत कुरूप हजर. बूट संध्याकाळी घ्यावेत, उभं राहून पाय मोजावा, सर्वांत लांब बोटापुढे निदान १ सेंटिमीटर जागा असावी. आणि दोन्ही पाय मोजा, क्वचितच ते सारखे असतात.

चामखीळ आणि कुरूप यांत गोंधळ होतो. तळव्यावरच्या चामखिळीत काळे बारीक ठिपके असतात, कातडीच्या रेषा तिच्याजवळ येऊन बाजूने वळतात, आणि दोन बाजूंनी चिमटीत धरलं की दुखते. कुरूप सरळ दाबलं की दुखतं.

शुश्रूषा | बुधवार, दुपारी ३:४५

मी परिचारिका आहे, कुष्ठरोगाच्या रुग्णांची सेवा बरीच वर्षं केली. रानजाईंच्या बाबांचं "छे गं, काही नाही" वाचलं आणि ते वॉर्ड डोळ्यांसमोर आले. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले, तेव्हा समज असा होता की कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून झडतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती वेदना गेल्यामुळे. भाजतं, टोचतं, घासतं आणि माणसाला कळत नाही, म्हणून तो जखमेवर चालत राहतो. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. रानजाईंच्या बाबांना जो न काढता येणारा बूट बांधला, त्यामागेही हेच आहे. जखमेवरचा भार काढला की ती भरते. मलमाने ते होत नाही.

आमच्याकडे नियम होता: रोज संध्याकाळी पाय बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. डोळ्यांनी दिसत नसेल तर घरातल्या कुणीतरी. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मलम तळव्याला लावायचं पण बेचक्यांत नाही. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकायचा.

निळावंती | बुधवार, रात्री ११:२०

सगळा धागा वाचला आणि आता विचारल्याशिवाय झोप येणार नाही. माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखात काळी उभी रेघ आहे, मुळापासून टोकापर्यंत. साधारण वर्ष झालं. लागल्याचं आठवत नाही. दुखत नाही. आधी बारीक होती, आता रुंद वाटते. नखाच्या मुळाशी कातडीवरही थोडा काळसरपणा आलाय. हे बुटामुळे असेल ना?

पदन्यास | गुरुवार, सकाळी ६:३०

निळावंती, तुमचा प्रतिसाद आत्ता वाचला. आजच त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, बहुतेक काळ्या रेघा निरुपद्रवी असतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीच्या माणसांत तर त्या सर्रास दिसतात, बऱ्याचदा एकाहून अधिक नखांत. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, एकाच नखात असणं, रुंद होत जाणं आणि काळेपणा कातडीवर उतरणं, यांमुळे हे फोटोवर किंवा इथल्या मतावर सोडता येणार नाही. नखाखालचा मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, असाच दिसू शकतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यातला कर्करोग १९७७ साली सापडला होता, आधी ती फुटबॉल खेळताना लागलेली जखम वाटली होती. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

नखाखालचं साधं रक्त असेल तर डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे स्वच्छ नख येतं. मुळापासून सतत उगवत राहणारी रेघ म्हणजे रंग तयार करणारं काहीतरी मुळाशीच आहे. ते काय आहे हे तुकडा तपासूनच कळतं. कळवत राहा.

निळावंती | गुरुवार, सकाळी १०:४८

वेळ मिळाली, उद्या दुपारची. बहीण बरोबर येतेय.

रानजाई | गुरुवार, रात्री ९:३०

निळावंती, आम्ही सगळे वाट बघतोय. बहिणीला आत घेऊन जा, डॉक्टर सांगतात ते एकटीने ऐकलं की निम्मं डोक्यात राहत नाही.

डॉक्टर, एक प्रश्न. बाबांची जखम भरल्याला आता महिना-दीड महिना झाला. आम्हाला आठ आठवड्यांनी परत बोलावलंय. बाबा म्हणतात, जखम तर गेली, आता कशाला? मलाही ठामपणे उत्तर देता येत नाही. आणि नखं घरी मी कापू का?

पदन्यास | शुक्रवार, सकाळी ७:००

बाबांना माझ्याकडून सांगा, जखम बंद झाली आहे, ती ज्याने झाली ते सगळं तिथेच आहे. बधिरपणा तोच, हाडाचा दाब तोच. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण १०० जणांत सुमारे ४० आहे. मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने तपासणीचं अंतर धोक्यानुसार आखून दिलंय. संवेदना आणि रक्तपुरवठा शाबूत असेल तर वर्षातून एकदा पुरतं. संवेदना गेली की ६ ते १२ महिन्यांनी, त्यात पायाचा आकारही बदलला असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. एकदा जखम होऊन गेलेल्यांना १ ते ३ महिन्यांनी. बाबा या शेवटच्या गटात आहेत, म्हणजे आठ आठवडे अगदी योग्य.

नखं घरी कापू नका. तुमचा हात वाईट आहे म्हणून नाही. त्यांच्या पायाला चूक झाल्याचं सांगता येत नाही, म्हणून. तुम्ही कानशीने आठवड्याला दोन-चार हलके हात फिरवलेत तर चालेल.

आणखी एक लक्षात ठेवा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, लाल आणि सुजलेलं दिसलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी जा. दोन्ही पावलांच्या एकाच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सियसहून जास्त फरक टिकून राहिला तर ती धोक्याची खूण मानतात. जखम उघडण्याआधी ही ऊब येऊ शकते. कधी आतली हाडं खचायला लागलेली असतात, शार्को पाऊल म्हणतात त्याला. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, आणि माणूस त्यावर चालत राहिला तर पावलाची कमान मोडते.

गारवा | शुक्रवार, सकाळी ९:२५

अवजारं निर्जंतुक आहेत की नाहीत हे आपल्याला कसं कळणार? विचारायला संकोच वाटतो.

पदन्यास | शुक्रवार, दुपारी १२:५०

बेधडक विचारा. अवजारं तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजेत, आणि पाकिटावरची खूण रंग बदललेली हवी. ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंश सेल्सियसच्या वाफेत किमान ३ मिनिटं, किंवा १२१ अंशांत १५ मिनिटं. नुसतं द्रावणात बुडवून पुसलेलं निपर मी माझ्या आईसाठी वापरू देणार नाही.

निळावंती | शुक्रवार, संध्याकाळी ५:१५

जाऊन आले. डर्मोस्कोपने बराच वेळ पाहिलं. नखाच्या मुळातून तुकडा घेतला, बोट अजून बधिर आहे. अहवाल दहा दिवसांनी. डॉक्टर म्हणाल्या, आलात हे चांगलं केलंत. यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

शुश्रूषा | शुक्रवार, संध्याकाळी ६:०२

हे दहा दिवस इथे लिहीत राहा, बाळ. पाय उशीवर उंच ठेव आज.

शिंपला | रविवार, सकाळी ११:३०

काल आईला घेऊन गेलो. पदन्यास यांनी सांगितलं तसंच सांगितलं, फक्त नखं कापायला. खुर्चीत बसल्यावरही दहा मिनिटं मोजे काढायला तयार नव्हती. तिथल्या मुलीने काही आग्रह केला नाही, शेजारी बसून तिला विचारत राहिली, चालताना कुठे टोचतं, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकता. बोलता बोलता आईनेच डावा मोजा उतरवला.

दोन नखं वळून शेजारच्या बोटांत रुतलेली होती. तीन वर्षं ती दुखणं सोसत होती. मला म्हणायची, गुडघे धरलेत, म्हणून फिरायला येत नाही. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

तासाभराने उठली, दोन पावलं टाकली, आणि थांबून खाली पायांकडे बघत राहिली. घरी येताना मोजे पिशवीत होते.